नवा गुडघा : वाकतो किती, फिरतो कसा?

मैत्रिणींनो, सकाळी अंथरुणातून उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत आपला गुडघा किती वेळा वाकतो, हे तुम्ही कधी मोजलं आहे का? अंगण झाडायचं, सडा घालायचा, ओट्याखालच्या डब्यातली डाळ काढायची, देवापुढे बसायचं, मुलांची दप्तरं पलंगाखालून ओढायची, भाजी निवडायला फतकल मारायची. आमच्या समुद्रपूर तालुक्यात तर निंदणाच्या दिवसांत बायका सकाळपासून दुपारपर्यंत उकिडव्या बसून सरकत सरकत अख्खी ओळ काढतात. एवढी कामं करूनही गुडघ्याची आठवण आपल्याला होते ती तो दुखायला लागल्यावरच!

आणि दुखायला लागला की काय होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. आधी बाम, मग तेल, मग पट्टा, मग गोळी, मग इंजेक्शन. शेवटी डॉक्टर म्हणतात, "आता सांधा बदलावा लागेल." पूर्वी ही गोष्ट फक्त मोठ्या शहरातल्या श्रीमंतांची वाटायची. आज मात्र कोणत्याही लग्नाच्या पंगतीत पाहा, कुणाच्या तरी सासूबाईंनी नाही तर मामींनी गुडघा बदललेला असतोच. एक म्हणते, "मी तर महिन्यात चालायला लागले." दुसरी म्हणते, "अगं, पैसे गेले आणि मांडीही गेली." ऐकणारीने काय समजायचं?

दोघींचंही खरं असू शकतं. कारण नवा गुडघा म्हणजे जुना गुडघा नव्हे. तो काही कामं झकास करतो, काही जेमतेम करतो आणि काही त्याच्याकडून करून घेऊच नयेत अशी असतात. कोणती कुठली, हे ऑपरेशनच्या आधी समजून घेतलं तर पुढची बरीच निराशा टळते.

देवाने दिलेला गुडघा

आपल्याला वाटतं, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. उघड-मीट, उघड-मीट, संपलं. शाळेत मुलांना सांधे शिकवताना पुस्तकातही बिजागरीचंच उदाहरण असतं. प्रत्यक्षात गुडघा बिजागरीपेक्षा पुष्कळ हुशार आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल गाठींसारखं असतं आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग जवळजवळ सपाट. त्या सपाटीवर या गाठी गाडीच्या चाकासारख्या गडगडतात आणि त्याच वेळी थोड्या घसरतातही. गुडघा जसजसा वाकतो तसतशी बाहेरच्या बाजूची गाठ मागे मागे जाते, आतल्या बाजूची मात्र जवळपास जागेवरच राहते. त्यामुळे नडगी थोडी आत वळते. म्हणजे गुडघा नुसता वाकत नाही, वाकता वाकता फिरतोही. पाय पूर्ण सरळ करताना शेवटी तो उलटा फिरून घट्ट बसतो. म्हणूनच आपण पोळ्या लाटत तासभर उभ्या राहू शकतो.

हे सगळं सांभाळायला हाडांवर गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये दोन अर्धचंद्रासारख्या गाद्या असतात, चार मजबूत अस्थिबंध असतात आणि पुढे वाटी असते. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्याची देणगी यांमुळे कूर्चा झिजते, हाडावर हाड येतं आणि दुखणं सुरू होतं. पन्नाशीनंतर हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

नव्या गुडघ्यात असतं तरी काय?

"गुडघा काढून दुसरा बसवतात" असं आपण म्हणतो, पण अख्खा गुडघा कोणी काढत नाही. दाताला टोपी बसवण्याआधी डॉक्टर दात घासून लहान करतात ना, तसंच हे. मांडीच्या हाडाचा आणि नडगीचा झिजलेला पृष्ठभाग साधारण एकेक सेंटिमीटर कापतात. वरच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमियम या धातूची चकचकीत टोपी बसवतात. खालच्या हाडावर धातूची, बहुधा टायटॅनियमची, बशी ठेवतात आणि दोन्हींच्या मध्ये एका विशेष टणक पॉलिथिनची चकती बसते. गरज वाटली तर वाटीच्या मागेही प्लॅस्टिकची बटणासारखी चकती लावतात. म्हणजे गुळगुळीत धातू प्लॅस्टिकवर फिरतो, आणि कूर्चेचं काम ही चकती करते.

पण यात एक गोष्ट जाते. चार अस्थिबंधांपैकी पुढचा आडवा बंध बहुतेक ऑपरेशनांत काढावाच लागतो. मागचा आडवा बंध काही प्रकारांत ठेवतात. काहींत तोही काढतात आणि त्याच्या जागी चकतीवर एक खुंटी ठेवतात. गुडघा एका मर्यादेपलीकडे वाकला की धातूच्या टोपीतला दांडा त्या खुंटीला टेकतो आणि मांडीच्या हाडाला मागे ढकलतो. जे काम बंध करत होता ते आता खुंटी करते. म्हणूनच कधी कधी चालताना आतून "टक्" असा आवाज येतो. धातू प्लॅस्टिकवर टेकल्याचा हा आवाज असतो. सोबत दुखत नसेल आणि सूज नसेल तर त्याला सहसा घाबरायचं कारण नसतं.

हस्तिदंतापासून इथवर

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यवैद्याने हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा बसवून पाहिला होता. क्षयाने खराब झालेल्या सांध्यांवर केलेले ते प्रयोग जंतुसंसर्गामुळे टिकले नाहीत. पुढे १९५० च्या सुमारास धातूच्या बिजागऱ्या आल्या. त्या नुसत्या वाकायच्या, फिरायच्या नाहीत. पण माणूस चालताना वळतोच! ते सगळे हिसके हाडातल्या पकडीवर यायचे आणि बिजागरी सैल व्हायची. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, हा धडा वैद्यांनाही असाच अनुभवातून मिळाला.

आज आपण जो सांधा पाहतो त्याचा मूळ नमुना १९७४ साली न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’त तयार झाला. डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर हे काम करणाऱ्यांत इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. १९७८ मध्ये खुंटीचा प्रकार आला. राणावत हे नाव तुमच्यापैकी कित्येकींना आठवत असेल. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, तो त्यांच्याच हातून. वर्तमानपत्रांत रोज बातम्या यायच्या, चित्रं काढून गुडघा समजावला जायचा. "गुडघाही बदलता येतो" हे आपल्या घराघरांत पोचलं ते खरं तेव्हापासून.

कोनमापक घ्या हाती

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक डोळ्यांसमोर आणा. पाय पूर्ण सरळ म्हणजे ० अंश. खुर्चीवर नीट बसलं की साधारण ९० अंश. आता आपल्या दिवसभराच्या कामांना किती अंश लागतात ते पाहा.

सपाट रस्त्याने चालायला साधारण ६० ते ६५ अंश पुरतात. जिना चढायला-उतरायला ८० ते १०० च्या आसपास. खुर्चीतून उठायला ९० च्या वर, आणि सोफा खोल-बुटका असेल तर १०५ पर्यंत. व्यायामाची जागच्या जागी सायकल मारायला १०५ ते ११०. मांडी घालायला त्याहून बरंच जास्त, आणि उकिडवं बसायला, भारतीय पद्धतीच्या संडासात बसायला, १४० च्याही पुढे.

नवा गुडघा बहुतेकांना ११० ते १२० अंशांपर्यंत वाकवता येतो. काहींचा त्याहून जास्त, काहींचा कमी. म्हणजे चालणं, जिना, खुर्ची, एस.टी.ची पायरी, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहणं हे सगळं त्याच्या आवाक्यात आहे. मांडी आणि उकिडवं बसणं मात्र त्याच्या हद्दीवर किंवा हद्दीपलीकडे आहे.

आणखी एक गोष्ट. ऑपरेशननंतर किती वाकेल हे पुष्कळसं आधी किती वाकत होतं यावर अवलंबून असतं. वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून पाय अर्धवट वाकलेलाच राहिला, स्नायू सुकले, तर उत्तम सांधा बसवूनही तो पूर्वीसारखा वाकत नाही. "अजून थोडं सोसते, दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे" असं म्हणत आपण वर्षं काढतो, त्याची किंमत इथे मोजावी लागते.

आत काय चालतं?

चालताना, जिना चढताना, वाकताना आतला सांधा कसा हलतो हे शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या चलत्चित्रांवरून पाहिलं. त्यांना असं दिसलं की नवा गुडघा जुन्याएवढा फिरत नाही. आणि काही प्रकारांत, वाकताना मांडीचं हाड मागे जाण्याऐवजी थोडं पुढे घसरतं, म्हणजे निसर्गाच्या उलट! पुढचा बंध नसल्यामुळे असं होतं. एकच सांधा दोन बायकांना बसवला तरी दोघींत तो वेगळा हलतो. एकीला उतारावर "गुडघा हातात नाही" असं वाटतं तर दुसरीला काहीच जाणवत नाही, याचं एक कारण हेही आहे. अशा वेळी मांडीचे स्नायू हाच मोठा आधार. बंधाचं काम काही प्रमाणात स्नायूच उचलतात. व्यायामाचा आग्रह डॉक्टर उगीच धरत नाहीत.

भाराचं म्हणाल तर ती गोष्ट त्याहून नवलाची आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी सांध्यातच भार मोजणारं यंत्र बसवून पाच रुग्णांची मापं घेतली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तीनपटीहून थोडा जास्त, आणि उतरताना जवळपास साडेतीनपट! म्हणजे ६० किलो वजनाची बाई जिना उतरते तेव्हा एका गुडघ्यावर दोनशे किलोंच्या वर भार पडतो. चढणं अवघड आणि उतरणं सोपं, असं आपण समजतो. धाप चढताना लागते हे खरं, पण गुडघ्याचा खरा कस उतरताना लागतो. गिरडच्या टेकडीवर दर्शनाला जाताना हे लक्षात ठेवा. कठड्याचा आधार चढताना एकवेळ सोडला तरी चालेल, उतरताना सोडू नका.

मांडीचा प्रश्न

आता ज्या प्रश्नावर आपलं अडतं त्याकडे वळते. आमच्या सासूबाईंचा उजवा गुडघा बदलायचा ठरला तेव्हा घरात चर्चा झाली ती खर्चाची, सुटीची, डबा कोण पोचवणार याची. डॉक्टरांनी मात्र त्यांनाच विचारलं, "आजी, या गुडघ्याने तुम्हाला काय काय करायचं आहे?" त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्यांपुढे खाली बसून पूजा करता आली पाहिजे, आणि संडासाला कुणाचा हात धरावा लागू नये." आम्हां सगळ्यांना ते नवीनच होतं! चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला तिच्या पायांनी काय करायचं आहे, हे घरात कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या गोष्टीची खात्री देता येईल, पण घरी कमोड लागेल. पहिल्या गोष्टीची खात्री देता येणार नाही. आज त्या चौरंगाजवळ बुटक्या खुर्चीवर बसून पूजा करतात. पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी आलं होतं. पण पूजेनंतर स्वतःच्या पायांनी चालत जाऊन शेजारच्या चार घरी हळदीकुंकू देऊन आल्या. त्याआधीची तीन वर्षं त्यांना हे जमलं नव्हतं.

मांडी का नको, तेही समजून घ्या. खूप वाकल्यावर धातूची टोपी चकतीच्या मागच्या कडेवर येते. सगळा भार तेवढ्याशा जागेत एकवटतो, शिवाय मांडीत पाय पिळलाही जातो. अशाने प्लॅस्टिक लवकर झिजू शकतं. जास्त वाकणारे सांधे म्हणून काही प्रकार बाजारात आहेत. आपल्यासारखे जमिनीवर बसणारे लोक डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवले गेले. पण तुलना करून पाहिली तेव्हा साध्या सांध्यापेक्षा त्यांचा फारसा मोठा फायदा दिसला नाही. त्यामुळे केवळ "मांडी येईल" एवढ्या बोलावर जास्त पैसे मोजू नका. काहींना मांडी येते आणि त्यांचे डॉक्टर अधूनमधून बसायला परवानगीही देतात. आपल्याला ती आहे की नाही, हे आपल्याच डॉक्टरांना विचारावं, शेजारणीला नव्हे.

गुडघे टेकण्याचंही तसंच. त्याने सांधा मोडतो असं नाही, पण व्रणाजवळची कातडी बधिर असते आणि पुष्कळजणींना टेकवतच नाही. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा घ्या आणि गुडघ्यांवर रांगत पुसणं कायमचं सोडा.

घरात काय बदलाल?

ऑपरेशनच्या आधीच घर तयार ठेवा. पुढच्या सूचना तुमच्या उपयोगी पडतील.

संडासात कमोड किंवा निदान कमोडची खुर्ची, आणि भिंतीला पक्का दांडा. न्हाणीत उंच स्टूल आणि खाली न घसरणारी चटई. बसायची खुर्ची हात असलेली आणि थोडी उंच असावी. उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पायपुसणी, सुटी सतरंजी, वायरी वाटेतून काढा.

झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच राहायची सवय लागते, आणि सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त लंगडवतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी टाका. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. वळायचं असेल तेव्हा एका पायावर गर्रकन वळू नका, लहान लहान पावलं टाकत वळा. स्कूटरवर मागे एका बाजूने बसणाऱ्या बायका उतरताना एका पायावर अंग पिळतात. ते टाळा, गाडी पूर्ण थांबू द्या आणि आधार घेऊन दोन्ही पायांवर उतरा.

व्यायाम रोजचा. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळून धरणे, सरळ पाय उचलणे, खुर्चीत बसून पाय हळूहळू मागे नेणे आणि पुन्हा सरळ करणे. सुरुवातीला दुखतं. पण पहिल्या काही आठवड्यांत कंटाळा केला तर सांधा आखडतो आणि नंतर तो सोडवणं कठीण जातं. गुडघा काही महिने गरम लागणं, थोडी सूज असणं हे बहुतेकींना होतं. पण पोटरी एकाएकी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. दम लागला किंवा छातीत दुखू लागलं तर रात्र असली तरी थांबू नका. पुढे दाताचं काही काम करायचं असेल तेव्हाही दंतवैद्यांना सांध्याबद्दल सांगा.

बदलायचा की नाही?

दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला ऑपरेशन लागत नाही. वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. व्यायाम आणि वजन यांनी पुष्कळजणींचं काम भागतं. पण रात्रीची झोप मोडू लागली, बाजारापर्यंत चालवत नाही, पाय धनुष्यासारखा वाकडा होत चालला, तर सोसण्यात कसलंही पुण्य नाही.

नवा सांधा टिकतो किती? जुन्या नोंदी एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये जो हिशेब आला त्याप्रमाणे १०० पैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षं टिकतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. साधारण पाचांत एका रुग्णाला नंतरही थोडंफार दुखत राहतं किंवा मनासारखं समाधान मिळत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत सुमारे १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आली, कर वेगळा. ही किंमत फक्त सांध्याची. शस्त्रक्रिया, खोली, औषधं, व्यायाम यांचा हिशेब निराळा असतो. म्हणून सांध्याचं बिल वेगळं मागा, आजचा दर विचारा आणि सांध्याचा प्रकार व क्रमांक लिहिलेला कागद जपून ठेवा. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे)चं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही मोठी शिक्षण-रुग्णालयं आहेत. दुसरा सल्ला घ्यायला मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपल्या कामांची यादी कागदावर लिहून न्या. किती पायऱ्या चढावी लागतात, शेतात जाता का, संडास कसला आहे, पूजेला कशा बसता, स्कूटरवर कशा बसता. यातलं काय जमेल, काय जमणार नाही, ते एकेक करून विचारा. नवऱ्याला किंवा मुलाला सोबत न्या, पण उत्तरं तुम्ही द्या. कारण त्या गुडघ्यावर उभं तुम्हालाच राहायचं आहे!